त्रुटीची पूर्तता

माझ्या अंगात फारसे गुण नाहीत हे आमच्या सौ.चे मत आता चाळीस वर्षांचे जुने झाले असल्यामुळे मी त्यावर अपील करीत नाही. पण एक गुण तीही कबूल करते. मला फॉर्म चांगला भरता येतो. आडनाव आधी की नाव आधी, 'लागू नाही' कुठे लिहायचे आणि नुसती आडवी रेघ कुठे मारायची, हे मला न विचारता कळते. गल्लीत कोणाला रेशनकार्डात नाव घालायचे असो की काढायचे असो, माणूस आमच्याकडे येतो. चहा आमचाच होतो, ही एक बारीक गोष्ट सोडली तर या लौकिकाचा मला अभिमान आहे.

हा गुण उपजत नाही. केंद्र सरकारच्या एका कचेरीत मी चौतीस वर्षे काढली, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. या चौतीस वर्षांत मी जे मुख्य काम केले त्याला त्रुटी काढणे असे म्हणतात. अर्ज कितीही परिपूर्ण असो, मुरलेल्या कारकुनाला त्यात त्रुटी सापडतेच. जसे मुरलेल्या सासूला आमटीत मीठ. कागदाच्या समासात लाल शाईने 'त्रुटीची पूर्तता करून फेरसादर करावे' असा शेरा मारला की मला जेवण गोड लागायचे. तर असा मी खिडकीच्या आतल्या बाजूला पोसलेला माणूस. उतारवयात बाहेरच्या बाजूला उभा राहीन असे पत्रिकेत कुठेच नव्हते.

आमच्याकडे पोळ्यांना मावशी येतात. त्यांचा मुलगा बाबू. जन्मताच रडायला त्याला उशीर लागला आणि मेंदूचा पक्षाघात झाला. डॉक्टर त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. हात-पाय त्याचे ऐकत नाहीत, शब्द जिभेवर अडखळतात, पण डोके असे की 1983 च्या अंतिम सामन्यात श्रीकांतने अडतीस धावा केल्या हे तो झोपेतून उठवले तरी सांगेल. आणि तो स्वतः जन्मलाय 1997 साली. मावशींना नवरा नाही. तीन घरच्या पोळ्या आणि बाबूला मिळणारे संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान यांवर घर चाले. ही योजना 1980 सालची, म्हणजे बाबूपेक्षा सतरा वर्षांनी थोरली. तिचे हजार रुपये 2023 साली पंधराशे झाले तेव्हा मावशींनी आम्हांला साखर दिली होती.

2024 च्या एप्रिलमध्ये एका सकाळी कणीक मळता मळता त्या सौ.ला म्हणाल्या, "काकू, बाबूचं पैसं तीन म्हैनं झालं आलं न्हाईत. काकांना म्हणावं जरा बघा."

मी पेपर बाजूला ठेवला. चौतीस वर्षांचा अनुभव खडबडून जागा झाला. "अहो, दोन मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो.

त्या दोन मिनिटांना सहा महिने लागले.

तहसील कचेरीतल्या टेबलावर एक तरुण मुलगा होता. स्वभावाने चांगला होता, हे मी मुद्दाम सांगतो, कारण या सगळ्या प्रकरणात मला वाईट माणूस एकही भेटला नाही आणि हीच मोठी पंचाईत होती. त्याने संगणकात पाहिले. "प्रमाणपत्राची मुदत संपलीय. एकतीस जानेवारीला. म्हणून फेब्रुवारीपासून बंद."

"पण बंद करण्यापूर्वी कळवायला नको?"

"तशी पद्धत नाही, काका."

मी प्रमाणपत्र हातात घेतले. 2019 साली, म्हणजे बाबू बावीस वर्षांचा असताना, कोणा डॉक्टरांनी त्यावर 'तात्पुरते – पाच वर्षे' असे लिहिले होते. बावीस वर्षे जे हात-पाय सुधारले नाहीत ते पुढच्या पाचांत सुधारतील, असे त्या भल्या गृहस्थाला का वाटले असावे? गर्दी असेल, पेन चालले असेल. 2016 च्या कायद्याखाली 2017 साली जे नियम झाले त्यांत स्वच्छ लिहिले आहे की अपंगत्वात फरक पडण्याची शक्यता नसेल तर प्रमाणपत्र कायमचे द्यावे, आणि शक्यता असेल तरच मुदत घालावी. मी हे नियम त्या मुलाला म्हणून दाखवले. तो म्हणाला, "बरोबर आहे काका, पण सिस्टिममध्ये तारीख आहे." तारखेपुढे शहाणपण नाही, हे मीच पूर्वी लोकांना सांगत असे.

घरी येताना मी विचार करत होतो. आमच्या गावची लायब्ररी पुस्तक दोन दिवस उशिरा झाले की चिठ्ठी पाठवते. विम्याचा हप्ता महिनाभर आधी आठवण करतो, वर एजंट येऊन चहा पितो. आणि माझे स्वतःचे पेन्शन घ्या. नोव्हेंबर उजाडायच्या आत बँकेचे संदेश सुरू होतात : हयातीचा दाखला द्या, हयातीचा दाखला द्या. सौ.नेसुद्धा माझ्या हयातीची इतकी चौकशी कधी केलेली नाही. 2014 साली सरकारने हा दाखला डिजिटल केला. तेव्हा यंत्रावर बोट ठेवावे लागे. 2021 पासून तेही नको, मोबाईलसमोर तोंड धरले की मी जिवंत असल्याचे दिल्लीला कळते. समजा एखाद्या वर्षी विसरलो आणि पेन्शन थांबले, तरी दाखला देताच मागची सगळी बाकी पै न् पै मिळते. आम्ही पेन्शनर लोक वर्तमानपत्रांना पत्रे लिहितो ना! बाबूला पेन धरता येत नाही.

तपासणीला माझी हरकत नव्हती, आजही नाही. धडधाकट माणसे लंगडत येऊन सवलती घेतात हे मी पाहिले आहे. पण बाबूची तपासणी कधी करायची हे कचेरीला पाच वर्षे आधी ठाऊक होते, आणि बाबूला पैसे बंद झाल्यावर कळले. शिवाय तपासणी होईपर्यंत त्याने काय खावे, याबद्दल संगणक काहीच बोलत नव्हता.

पुढची पायरी म्हणजे अर्ज. 2021 च्या जूनपासून ही प्रमाणपत्रे देशभर ऑनलाइनच निघतात. त्या संकेतस्थळाचे नाव 'स्वावलंबन'. ते भरायला आम्ही चौघे लागलो : मी, सौ., शेजारचा इंजिनियरिंगचा मुलगा आणि त्याची मोबाईल जाणणारी धाकटी बहीण. बाबू पाचवा. फोटोत मान स्थिर हवी होती. बाबूची मान स्थिर राहिली असती तर अर्जाची गरजच नव्हती. चौदाव्या वेळेला एक फोटो बरा आला, त्यात बाबूला हसू आवरत नव्हते.

मग सही. बाबू सही करतो. दोन्ही हातांनी पेन धरून, जीभ बाहेर काढून, पाच मिनिटांत 'बाबू' असे लिहितो, आणि प्रत्येक वेळी तो वेगळा बाबू असतो. कागदावर त्याचे ते आडवेतिडवे अक्षर उमटताना मला एकदम एक जुनी फाईल आठवली.

आमच्या कचेरीत एका निवृत्त शिपायाचा अर्ज आला होता. त्याचा हात कापत असे. 'सही नमुन्याशी जुळत नाही' असा शेरा मारून मी तो परत पाठवला. पुन्हा आला, पुन्हा पाठवला. तिसऱ्यांदा पाठवला. चौथ्यांदा तो आलाच नाही, आणि मी फाईलवर 'प्रकरण निकाली' असे लिहून ती बांधून ठेवली. त्या महिन्यात आमच्या विभागाची निकाली प्रकरणे जिल्ह्यात सर्वांत जास्त होती. साहेबांनी मला सर्वांसमोर शाबासकी दिली होती.

सौ.ने विचारले, "काय हो, गप्प का झालात?" मी म्हणालो, "काही नाही, नेट हळू आहे."

सरकारी रुग्णालयातली तपासणी बुधवारी असते. आम्ही गेलो तो जूनमधला बुधवार होता. बोर्ड दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टवर 'बंद आहे' अशी पाटी. पाटी पुसून पुसून गुळगुळीत झाली होती. सार्वजनिक इमारती अपंगांना चढता-उतरता येतील अशा करायला त्या कायद्याने 2017 पासून पाच वर्षांची मुदत दिली होती. म्हणजे ही पाटीदेखील तात्पुरतीच, मुदत संपलेली. बाबूला मी एका बाजूने धरले, मावशींनी दुसऱ्या. माझे गुडघे तसे स्वतंत्र वृत्तीचे आहेत. वर पोचेपर्यंत कोणी कोणाला धरले आहे हे सांगणे कठीण झाले.

रांग मोठी होती. माझ्या शेजारी एक चाळिशीचा गृहस्थ. ट्रकखाली डावा पाय गुडघ्याच्या बराच खालून गेला होता, आणि लहानपणी फटाक्याने एक डोळा. पिशवीतून दोन कागद काढून मला म्हणाला, "सायेब, पायाचं साठ टक्के हायेत आन डोळ्याचं तीस. नव्वद झालं न्हवं? केंद्राच्या पेन्शनीला ऐंशी लागत्यात."

बेरीज बरोबर होती, पण सरकारची बेरीज वेगळी असते. मी पाकिटाच्या पाठीवर त्याला करून दाखवली. मोठा आकडा साठ. नव्वदातून साठ गेले, उरले तीस. धाकट्या आकड्याला त्या तीसने गुणायचे, नव्वदाने भागायचे, आणि जे येईल ते साठात मिळवायचे. तीस गुणिले तीस, नऊशे. भागिले नव्वद, दहा. साठ अधिक दहा, सत्तर.

"म्हंजी माझा ईस टक्के डोळा कुटं गेला?"

त्यामागचे तर्कशास्त्र मी त्याला समजावले. माणूस एकच, तेव्हा पायाने जेवढा तो आधीच अधू झाला आहे त्याच्या उरलेल्या भागातूनच डोळ्याचे टक्के मोजायचे. नाहीतर तीन-चार व्यंगे असलेल्या माणसाची बेरीज शंभराच्या वर जाईल. सूत्र चुकीचे नाही. पण शहाणी माणसे सूत्र करतात तेव्हा ते ज्याला लागू होणार त्याला दोन ओळींत समजावून सांगायचे मात्र कोणाच्याही कामात बसत नाही. त्याने पाकीट घडी करून खिशात ठेवले. "तीनशे रुप्याचीच हाय म्हणत्यात ती पेन्शन," तो म्हणाला, "पण तीनशे बी तीनशेच की." केंद्राचा हा हिस्सा 2012 साली दोनशेचा तीनशे झाला होता. मला 2012 सालचा तेलाचा भाव आठवेना, म्हणून मी विषय बदलला.

पाचव्या माणसाचे होईपर्यंत रांगेतल्या सात जणांची गणिते मी सोडवली होती. नोकरीत असताना माझ्याकडे एवढ्या आदराने कोणी पाहिले नव्हते.

आत गेलो तेव्हा डॉक्टरांनी वर न पाहता समोरच्या स्टुलाकडे बोट केले. जिन्याने दमलेला मी त्यावर बसलो. त्यांनी माझा पाय उचलला, वाकवला, सरळ केला. मी "आई ग" म्हणालो.

"वीस टक्के," डॉक्टर म्हणाले. "चाळीस लागतात, आजोबा."

"मी नाही, हा," मी म्हणालो.

बाबू मागे भिंतीला टेकून उभा होता आणि त्याला हसू फुटले होते. डॉक्टरही हसले. त्यांनी त्या दिवशी एकट्याने साठ-सत्तर माणसे तपासायची होती. मी त्यांच्या जागी असतो तर सौ.चाही पाय मोजला असता. मग त्यांनी मावशींना विचारले, "हा स्वतःच्या हातानं जेवतो का? कपडे घालतो का? याला समजतं का?"

बाबू म्हणाला, "म-मला... इचारा की. मी... हितंच हाय."

खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले, खुर्ची बाबूकडे वळवली आणि पुढचे सगळे प्रश्न त्यालाच विचारले. दुप्पट वेळ लागला. बाहेर रांग कुरकुरली. पण त्यानंतर त्यांनी अर्जावर जे लिहिले ते मी चष्मा पुसून दोनदा वाचले : 'कायम'.

एवढ्याने कार्ड हातात येत नाही. संगणकावर दुसरी सही व्हायची होती, ती करणारे साहेब रजेवर होते, मग ट्रेनिंगला होते, मग बदलून गेले. नियमात एक महिना दिला आहे. जून गेला, जुलै गेला. दरम्यान तहसीलच्या मुलाने सांगितले की नव्याने अर्ज करताय तर उत्पन्नाचा दाखलाही नवा लागेल. मर्यादा वर्षाला पन्नास हजार. मी मनात भागाकार केला : महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट रुपये सहासष्ट पैसे. मावशींचे तीन घरचे मिळून छत्तीसशे.

त्याच आठवड्यात सौ.ने ठरवले की मावशींची अडचण आहे, तर आपण सहाशे रुपये वाढवून देऊ. मावशींनी हिशेब माझ्यापेक्षा लवकर केला. "नको काकू," त्या म्हणाल्या. "बेचाळीसशे हुतील. तेत्तीस रुप्यासाठी दाखला जाईल."

सौ.ने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मर्यादा मीच घातली होती. एका अर्थी घातलीच होती; अशा कितीतरी मर्यादांच्या खाली मी सह्या केल्या आहेत. तेव्हापासून आमच्या घरून रोज डब्यात 'उरलेले' म्हणून बरेच काही जाऊ लागले. मुद्दाम जास्त शिजवून उरवावे लागे. बासमती तांदूळ उरल्याचे मी आमच्या घरी प्रथमच पाहिले.

ऑगस्टमध्ये मी एक टिपण लिहिले. जुन्या सवयीप्रमाणे विषय, संदर्भ, महोदय. मजकूर साधा होता. मुदत संपण्याच्या सहा महिने आधी माणसाला कळवा. तपासणीची तारीख कचेरीनेच द्या. निकाल लागेपर्यंत अनुदान चालू ठेवा, आणि ते बंद करायचे तर का, ते एका ओळीत त्याच्या भाषेत लिहा. ज्याला दोन मजले चढता येत नाहीत त्याची तपासणी तळमजल्यावर करा. आणि जो कागद एका सरकारी टेबलावर आहे तो दुसऱ्या सरकारी टेबलाने त्या माणसाकडून मागू नये; दोन टेबलांत संगणकाची तार आहे, ती वापरा. यात नवा शोध काहीच नव्हता. आम्हा पेन्शनरांसाठी यातले बरेचसे झालेलेच आहे. तिकडून उत्तर आले, 'आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी वर्ग करण्यात आला आहे.' हे वाक्य मीच एकेकाळी दिवसातून वीसदा लिहीत असे. त्याचा अर्थ मला कोणी सांगायला नको.

सुधारणा मात्र झाली. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये नियम बदलले. प्रमाणपत्र एका महिन्यात मिळत नाही अशी ओरड होती, म्हणून ती मुदत तीन महिन्यांची केली. माझ्यातला हेडक्लार्क मनातल्या मनात उठून उभा राहिला. मला हे का सुचले नव्हते?

बाबूचे कार्ड त्याआधीच, सप्टेंबरअखेर, आले होते. पिवळ्या पट्ट्याचे; चाळीस ते ऐंशी टक्क्यांच्या मधल्यांना पिवळे असते. मी पेढे आणले. बाबूने कार्ड डोळ्यांजवळ धरले, लांब धरले, आणि सावकाश, एकेक अक्षर सुटे करीत म्हणाला, "आई... मी... पर्मनंट झालो."

आम्ही सगळे हसलो. शेजारचा मुलगा तर जमिनीवर बसला; त्याची स्वतःची कुठे पर्मनंट व्हायची लक्षणे नव्हती. मावशीही हसल्या. मग पेढा हातात तसाच धरून मला म्हणाल्या, "काका, कायम म्हंजी... आता काय सुधारायचं न्हाई, असंच लिवलंय न्हवं त्यात?"

मी म्हणालो, "अहो, ते नुसतं कागदावर."

"व्हय, कागदावरच," त्या म्हणाल्या आणि ओट्याकडे गेल्या. त्या दिवशीच्या पोळ्या जरा जाड झाल्या होत्या. सौ. काही बोलली नाही.

ऑक्टोबरपासून अनुदान पुन्हा सुरू झाले. 2025 च्या ऑक्टोबरपासून तर दिव्यांगांसाठी ते अडीच हजार झाले, तेव्हा मावशींनी पुन्हा साखर आणली. राहिले ते फेब्रुवारी ते सप्टेंबर 2024 चे आठ महिने. आठ पंधरे एकशेवीस, बारा हजार रुपये. त्यासाठी मी वेगळा अर्ज केला आहे. आजवर केलेल्या अर्जांत तो मला सर्वांत सुबक वाटतो : समास सोडलेला, सहपत्रे क्रमाने लावलेली, खाडाखोड एकही नाही. बाबूने त्यावर पाच मिनिटे खपून सही केली. आवक क्रमांक मिळाला.

गेल्या आठवड्यात कचेरीचे पत्र आले. वाचण्यापूर्वीच मला समासातली ती लाल शाई ओळखू आली. 'अर्जदाराची सही पूर्वीच्या सहीशी जुळत नाही. त्रुटीची पूर्तता करून फेरसादर करावे.'

सध्या रोज दुपारी पोळ्या होईपर्यंत बाबू आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसतो. मी वहीवर रेघा आखून देतो. तो जीभ बाहेर काढून 'बाबू' असे लिहितो, आणि मी मागच्या पानावरच्या बाबूशी ताडून पाहतो.